ओल्या कचऱ्यातली पिशवी

गुरुपादप्पा गुरुजी हातात वेताची काठी घेऊन घंटागाडीच्या मागं चालू लागले, की उदगीरच्या त्या गल्लीतल्या बायका आपापल्या बादल्या पुन्हा एकदा तपासून घ्यायच्या. नगरपालिकेनं सांगितलं होतं, ओला वेगळा, सुका वेगळा. गुरुजींनी त्यावर स्वतःचा कायदा चढवला होता. सुका कचरा प्रत्येकानं आपल्या ओट्यावर पालथा करून दाखवायचा, मगच गाडीत टाकायचा. छत्तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या, निवृत्तीनंतर गल्लीचा कचरा तपासायला घेतला. माणसाला काहीतरी तपासायला लागतंच की!

"उदगीर जिल्हा व्हावा म्हणून मोर्चे काढता," ते ओरडायचे, "आणि केळीची साल वर्तमानपत्रात गुंडाळून टाकता! असल्या गावाला कोण देतंय जिल्हा?"

गाडीवरची नागुबाई पदराआड हसायची. "अप्पा, जिल्हा झाला की पयले कलेक्टर तुमीच!"

हे सगळं ठीक होतं हो. पण ओट्यावर पालथी घालता येणार नाही अशी एक गोष्ट गुरुजींच्याच घरात होती. रोज सकाळी मैदानात ते लोकांना आसनं शिकवायचे आणि छाती ठोकून सांगायचे, "सत्तरी आली, अजून एक गोळी घेतलेली नाही!" गोळी खरंच नव्हती. दीड वर्षापासून इन्शुलिनची सुई होती. औषध लातूरहून आणायचे, कारण इथल्या मेडिकलवाल्याला कळलं असतं. आणि वापरलेल्या सुया दुधाच्या रिकाम्या पिशवीत बांधून ओल्या कचऱ्यात, चहाच्या चोथ्याखाली दडवायचे. सुक्यात टाकायची सोय त्यांनीच ठेवली नव्हती.

"कोणाला तरी टोचंल ना हो," बायको गौरम्मा म्हणायची.

"ओला कचरा थेट खड्ड्यात जातो. त्यात कोण हात घालतंय?"

त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, आणि उदगिरात वीस-वीस दिवस नळाला थेंब नव्हता. एका सकाळी गाडी गुरुजींच्या तीन घरं पुढं, मल्लम्माच्या दारात उभी होती. नागुबाईनं मल्लम्माची बादली ओतली. गाडीतल्या ओल्या ढिगात तिला प्लास्टिकची पिशवी दिसली, म्हणून तिनं हात घालून ओढली. हातात मोजा होता, पण सुईपुढं मोज्याचं काय चालतंय! "आई गं!" करून ती खालीच बसली. मोज्याच्या आत रक्त आलं होतं.

गुरुजींनी पिशवी ओळखली. दुहेरी गाठ त्यांचीच होती.

आणि काय केलं त्यांनी? सगळ्यांत मोठ्यानं तेच ओरडले, "कोणाची ही सुई? कोण हा नालायक?"

गल्ली मल्लम्माच्या दाराकडं बघायला लागली. तिचा मुलगा पुण्याहून पार हडकून परत आला होता. महिन्याच्या महिन्याला सरकारी दवाखान्यात जायचा, आणि त्याला एड्स झालाय असं लोक कुजबुजत असत. गुरुजींना त्या नजरा कळल्या. शरम वाटली का? वाटली. पण तोंड उघडण्याइतकी नाही वाटली.

गौरम्मा तांब्या घेऊन धावत आली. नागुबाईच्या बोटावर तिनं पाण्याची धार धरली, तोच गुरुजींच्या तोंडून निघून गेलं, "पुरे, पुरे. पिण्याचं आहे ते."

मल्लम्मा आतून भरलेली घागर घेऊन आली, तर नागुबाई झटक्यात मागं सरली. "जवळ येऊ नगंस! तुझ्या पोरानं वाटोळं केलं माझं!" असं म्हणून ती मल्लम्माच्या उंबऱ्यावर थुंकली. मल्लम्मा घागर धरून तशीच उभी राहिली.

चार दिवस गाडीवर दुसरीच बाई आली. पाचव्या दिवशी गाडीवाल्या नरसिंगनं खबर सांगितली. "अठ्ठावीस दिवस गोळ्या खायच्यात म्हणं. खाल्लं की उलटी होतीय. सून नातवाला तिच्यापाशी जाऊ देईना. ताटवाटी बी वेगळी केलीय. डॉक्टर म्हणतेत, सुई कोणाची ते कळलं आन् त्याची तपासणी चांगली निघाली, तर बाईच्या जिवाचा घोर जाईल."

त्या सकाळी गुरुजी इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसले, पण डोळे मिटले की रक्तानं भरलेला मोजा दिसायचा. पूजा अर्धी टाकून उठले. दारात गौरम्मा उभी होती. पंचेचाळीस वर्षांत ती नवऱ्यापुढं आवाज चढवून बोलली नव्हती.

"तुम्ही जाताव का मी जाऊन सांगू?"

गुरुजी लातूरला गेले नाहीत. उदगीरच्याच सरकारी दवाखान्यात रांगेत उभे राहिले. खिडकीवरचा माणूस त्यांच्याकडं आसनं शिकायला यायचा. गुरुजींनी हळूच कारण सांगितलं, तसं त्यानं मोठ्यानं विचारलं, "गुरुजी, तुम्हाला शुगर? इन्शुलिन घेताव?" अख्खी रांग वळून बघायला लागली. मान खाली घालून त्यांनी 'हो' म्हटलं. रक्ताची तपासणी चांगली निघाली. कागदाची घडी खिशात घालून ते नागुबाईच्या पत्र्याच्या घरी गेले.

नागुबाई दाराबाहेर एकटीच बसली होती. कागद सुनेनं वाचला.

"म्हंजे सुई कोणाची?" नागुबाईनं विचारलं.

"माझी."

नागुबाई वाटेल ते बोलली असती, तर गुरुजींनी ऐकून घेतलं असतं. पण ती सुनेला म्हणाली, "आण गं त्याला हिकडं." नातू मांडीवर आला, तसा तिनं त्याच्या टाळूवर गाल टेकला आणि ढसाढसा रडली. मग डोळे पुसून उठली. "चला अप्पा. मल्लम्माक्काच्या दारात म्या थुंकून आलेय. माफी मागायला पायजे."

गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुई त्यांची, बोलणी मल्लम्माला, आणि माफी मागायची नागुबाईनं! ते तिच्या मागं चालू लागले.

मल्लम्मा दारातच ज्वारी निवडत होती.

"अक्का, माझं तोंड चुकलं," नागुबाई म्हणाली. "प्यायला पानी दे."

मल्लम्मा आत गेली आणि दोन पेले काठोकाठ भरून घेऊन आली. एक नागुबाईला दिला, दुसरा गुरुजींपुढं धरला.

"मल्लम्मा, आधी माझं ऐक. ती सुई माझी होती."

"ठाव हाय," मल्लम्मा म्हणाली. "त्याच दिवशी कळलं. पिशवी बाहेर आली, तवा सगळे सुईकडं बघालते. मी तुमच्या तोंडाकडं बघालते."

"मग बोलली का नाहीस?"

"गुरुजी," ती म्हणाली, "तुमी गल्लीचे गुरुजी. माझं कोण ऐकलं असतं?"