दोन घरं मागे

घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. वयाची अडतीस वर्षं झाली, डोक्यात पांढरे केस आले, तरी नाव तेच राहिलं. औषधांच्या बाटल्यांची लेबलं छापणाऱ्या कारखान्यात ती तपासनीस होती. बॅच नंबर, तारखा, मिलिग्रॅमचे आकडे दिवसभर डोळ्यांत तेल घालून बघायचे. ही पोर आठ तास खुर्चीत बसते तरी कशी, याचं आईला नवल वाटे. तिथेही टेबलाखाली तिचा उजवा पाय शिवणयंत्र चालवल्यासारखा हलत असे. समोरच्या बाईने शेवटी कंटाळून तिच्या पायाखाली एक जुना टॉवेल घालून दिला होता.

घरी तर विचारूच नका. जेवण उभ्याने, फोन चालत चालत, आणि पुस्तक हातात घेतलं की चौथ्या पानावर खिडकी उघडायला उठायचं. पोहणं झालं, विणकाम झालं, एक परदेशी भाषा ‘मला भूक लागली आहे’ या वाक्यापर्यंत शिकून झाली. मग तिने गिटार आणली.

“हे किती दिवस?” आईने विचारलं.

“बघू.”

“माळ्यावर जागा करून ठेवते,” आई म्हणाली.

गिटार शिकवणारे सर मुळात चष्मे विकत. दुकानामागच्या खोलीत, लहान होत जाणाऱ्या अक्षरांच्या तक्त्याखाली दोन स्टुलं होती, तोच क्लास. साठीचे गृहस्थ, बोलणं तुटक. पहिल्याच दिवशी त्यांनी गिटारची मान तिच्यापुढे धरली.

“या आडव्या पट्ट्या. दोन पट्ट्यांमधली जागा म्हणजे एक घर. मधलं बोट जाड तारेवर पाचव्या घरात ठेवा. हा सा. करंगळीने रे. आता खालची तार. तर्जनी, मधलं, करंगळी. ग, म, प. त्याच्या खालची. तर्जनी, अनामिका, करंगळी. ध, नी, सा. संपलं.”

“एवढंच?”

“एवढंच. आणि हाच आकार उचलून कुठल्याही घरात ठेवा. मधलं बोट जिथे, तिथे सा. मोकळी तार कुठेच वाजवायची नाही, म्हणून आकार बदलत नाही.”

भिंगरीने वहीत लिहिलं : पाच-सात, चार-पाच-सात, चार-सहा-सात. आकडे पाठ करणं हा तिच्या डाव्या हातचा मळ. आठवड्याभरात ते ती झोपेतही म्हणू शकली असती. पण सरांनी तिचा हात धरून वेगळ्याच घरात ठेवला की सगळा बट्ट्याबोळ. ती पुन्हा नवे आकडे शोधायला लागायची.

“आकडे सोडा. बोटांना कळू द्या,” सर म्हणायचे.

“बोटांना डोकं नसतं, सर.”

“तेच बरं आहे.”

तिसऱ्या आठवड्यात तिची एक तार तुटली. तो रविवार होता. आई सकाळीच मावशीकडे गेली होती. बाबा स्वयंपाकघरात चहा घेऊन बसले होते. तीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवण्यात गेलेला माणूस. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो, त्यावर पाय ठेवून ठेवून त्यांचा स्वभावच तसा झाला होता, कमी बोलायचं आणि वेळेवर बोलायचं. त्या दिवशी ते म्हणाले, “बस की जरा. दोन मिनिटं.”

“आलेच बाबा, तार घेऊन येते,” म्हणत तिने पायात चपला सरकवल्या.

तार दहा मिनिटांत मिळाली. पण बाहेर पडलंच आहे तर म्हणून ती नदीकाठाने एक चक्कर मारून आली, पुलावर थोडी थांबली, दुकानांच्या काचा बघितल्या. परत आली तेव्हा बाबा जमिनीवर होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात अंगाखाली अडकलेला. कप फुटलेला नव्हता, नुसता कलंडला होता, आणि सांडलेला चहा थंडगार झाला होता.

बाबा वाचले. उजवा हात अधू झाला, पाय ओढत का होईना चालू लागले. बोलणं मात्र गेलं. समजायचं सगळं. डोळ्यांत ते दिसायचं. पण तोंड उघडलं की नुसता ‘त-त-त’ असा आवाज यायचा, आणि मग ते रागाने मान फिरवून घ्यायचे. डॉक्टरांनी विचारलं होतं, किती वेळ पडून होते? भिंगरी म्हणाली, “मी जरा बाहेर गेले होते.” ‘बस की जरा’ हे तिने कुणालाच सांगितलं नाही, आईलाही नाही.

त्यानंतर तिच्या अंगातली चुळबुळ दुप्पट झाली. कारखान्यात तिच्या हातून एक चुकीची तारीख निसटली, ती वरिष्ठांनी पकडली म्हणून निभावलं. संध्याकाळी ती बाबांच्या खोलीत जायची, चादर ओढायची, पाण्याचा तांब्या भरलेला असला तरी भरायची, औषधांच्या पट्ट्या मोजायची आणि बाहेर यायची. पाचव्या मिनिटाला पुन्हा आत. आईचं डोकं फिरायचं.

“अगं, तो माणूस आजारी आहे, तू का घिरट्या घालतेस? एका जागी बस, नाहीतर क्लासला तरी जा!”

मग ती क्लासला जाई. घरी सरावासाठी जागा एकच उरली होती, बाबांच्या खोलीतली खिडकीजवळची खुर्ची, कारण हॉलमध्ये आईचा टीव्ही. पाच-सात, चार-पाच-सात, चार-सहा-सात. वर जायचं, खाली यायचं. बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले. त्यांना त्रास होतो की बरं वाटतं, काही पत्ता लागत नसे.

बोलणं शिकवायला दर बुधवारी एक बाई येत. चित्रांचे पत्ते दाखवत. कप, दार, कुत्रा. बाबा पत्त्यांकडे बघतसुद्धा नसत. जाताना एकदा बाई दारात म्हणाल्या, “गाण्याची आवड होती का यांना? कधीकधी बोलता न येणारा माणूस गुणगुणू शकतो. प्रयत्न करून बघा. खात्री मी देत नाही.”

“गाणं कसलं,” आई म्हणाली, “भाजी चिरताना एक चाल गुणगुणायचे, तीच ती. चाळीस वर्षं ऐकतेय. शब्द त्यांनाही माहीत नव्हते.”

त्याच आठवड्यात, शनिवारी दुपारी, भिंगरी खिडकीजवळ सराव करत होती. पाचवं घर, वर, खाली, वर, खाली. सहाव्यांदा खाली येताना तिला वाटलं, खोलीत आणखी काहीतरी वाजतंय. तिने हात थांबवला. बाबा गुणगुणत होते. भिंतीकडे तोंड करून, घोगऱ्या आवाजात, तीच भाजी चिरतानाची चाल.

आईला हाक मारावी असं वाटलं, पण हाक मारली आणि ते थांबले तर? तिने घाईघाईने त्या चालीतले सूर शोधायला सुरुवात केली. तिच्या पाठ आकड्यांत ते सापडेनात. एक सूर लागतोसा वाटे आणि पुढचा कडवट निघे. चाल एकीकडे, गिटार दुसरीकडे. बाबांनी तिच्याकडे मान वळवली आणि डोळे मिटून तोंड वाकडं केलं. ते पुन्हा पहिल्यापासून गुणगुणायला लागले, जरा जोरात, खोडून काढल्यासारखे. तिने पुन्हा चुकीचंच वाजवलं.

मग बाबांनी डावा हात उचलला. मोटार मागे घेणाऱ्याला खुणावतात तसा पंजा हलवला, आणि तोंडातून एक शब्द निघाला.

“मागे.”

भिंगरीला वाटलं, आपल्याला भास झाला.

“मा-गे,” बाबा पुन्हा म्हणाले, या वेळी चांगलेच वैतागून.

तिने तसाच्या तसा हात एक घर मागे सरकवला. बोटांचा आकार मोडला नाही, कारण मोडायला तिला वेळच मिळाला नाही. वाजवलं. जवळ आलं होतं, पण बसलं नव्हतं.

“अ… अजून.”

आणखी एक घर. मधलं बोट तिसऱ्या घरात. बाबा गुणगुणले आणि तिच्या बोटांखालून नेमका तोच सूर निघाला, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. आकडे कुठले ते तिला माहीत नव्हतं. मधलं, करंगळी, तर्जनी. दोन ओळी दोघांनी मिळून पुऱ्या केल्या. तिसऱ्या ओळीला बाबांचा दम सरला आणि ते खोकायला लागले.

आता मात्र ती किंचाळलीच. “आई! अगं आई, बाबा बोलले!”

आई चिमटा हातात घेऊन धावत आली. “काय बोलले?”

“मागे म्हणाले.”

“मागे? कशाच्या मागे?” आईने खरोखरच मागे वळून बघितलं. मग ती पलंगाच्या काठावर बसली आणि पदराने तोंड झाकून रडायला लागली. बाबा तिच्याकडे जरा ओशाळल्यासारखे बघत होते.

त्यानंतर सगळं भराभर सुधारलं असं नाही. पण रोज संध्याकाळी खुर्ची खिडकीजवळून उठून पलंगापाशी येई. बाबांची गायची पट्टी कधीच सारखी नसे. थकलेले असले की खाली, झोप चांगली झाली असली की वर. भिंगरीला आधी त्यांचा सा शोधावा लागे. मधलं बोट जाड तारेवर सरकवत जायचं, त्यांचा चेहरा बघायचा, कपाळावरची सुरकुती सैल झाली की थांबायचं आणि आकार ठेवून द्यायचा. कधी तिसरं घर, कधी सहावं, एकदा तर थेट आठवं. वहीतलं आकड्यांचं पान तिने अजून फाडलं नव्हतं, पण उघडलंही नव्हतं. चष्मेवाले सर तिचा हात बघून एवढंच म्हणाले, “कुणी शिकवलं?”

“वडिलांनी.”

“वाजवतात?”

“नाही. गाडी चालवायला शिकवायचे.”

बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी पत्ते बाजूला ठेवले आणि शब्द चालीवर बसवून दिले. ‘पाणी दे’ दोन सुरांवर, ‘खिडकी उघड’ चारांवर. आधी गाऊन, मग अर्धवट गाऊन, मग नुसतं बोलून. दोन महिन्यांत बाबांकडे तीसेक शब्द जमले. त्यातले निम्मे चुकीच्या जागी पडत. आईला त्यांनी एकदा ‘साबण’ अशी हाक मारली, तेव्हा आईने दोन दिवस अबोला धरला, खोटाखोटाच.

सगळे खूश होते. भिंगरी मात्र आतून पोखरली जात होती. बाबांचा एकेक शब्द परत येत होता, आणि तिला वाटे, एक दिवस ते वाक्यही परत येईल. त्यापेक्षा आपणच बोलून टाकलेलं बरं.

एका शनिवारी, चार वाजता, आई खाली शेजारणीकडे गेलेली असताना, तिने गिटार बाजूला ठेवली.

“बाबा, त्या दिवशी तुम्ही मला बस म्हणाला होतात. मी तार आणायला गेले. तार लगेच मिळाली होती. मी उगाचच फिरत बसले. बराच वेळ.”

बाबांनी उशीवरून मान उचलली.

“मी लवकर आले असते तर… तुम्हाला माहीत होतं ना, मी मुद्दाम वेळ काढला? राग आहे तुमचा?”

बाबांनी तोंड उघडलं. “सा… साबण,” ते म्हणाले. जोराने मान हलवली. हे नाही. पुन्हा जुळवाजुळव केली. “तू… पोर.” पुन्हा मान हलवली. कपाळावर घाम आला. तिला वाटलं थांबवावं, पण त्यांनी डावा हात उचलून तिला गप्प केलं. मग तो हात तिच्या गुडघ्यावर ठेवला. गुडघा नेहमीसारखा हलत होता. त्यांनी तो दाबून धरला नाही. हलणाऱ्या गुडघ्यावर हात तसाच हलू दिला.

“अशीच,” ते म्हणाले. “लहान… पण. अशीच.” आणि मग, एकेक अक्षर ओढून काढत, “राग… नाही.”

ती रडली. बाबांनी तिला रडू दिलं. थोड्या वेळाने त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. पाच वाजायला आले होते, क्लासची वेळ झाली होती.

त्या दिवशी ती पंधरा मिनिटं उशिरा पोचली. सरांनी तिचे सुजलेले डोळे बघितले. कुणाच्या तरी चष्म्याची काडी बसवत होते, ती तशीच बाजूला ठेवली आणि तिच्यासमोरच्या स्टुलावर बसले.

“आज नवीन. हाच आकार एक तार खाली घ्या. सा दुसऱ्या जाड तारेवर.”

तिने घेतला. जसाच्या तसा बसला. ती हसली.

“आता आणखी एक तार खाली.”

तिने घेतला, वाजवला, आणि शेवटचे तीन सूर बेसूर निघाले. तिने पुन्हा वाजवला. पुन्हा तेच.

“ही तार फसवते,” सर म्हणाले. “बारकीच्या शेजारची. बाकीच्यांपेक्षा एक घर कमी अंतरावर लावलेली असते. तिच्यावर पोचलात की बोटं एक घर पुढे टाकायची.”

“का पण? सगळ्या सारख्या का नाही लावत?”

“पूर्वीपासून तशीच लावतात. लावा बोटं.”

“हे आधी का नाही सांगितलंत?”

“आधी सांगितलं असतं तर तुम्ही ते वहीत लिहिलं असतं,” सर म्हणाले आणि काडीचा स्क्रू शोधायला खाली वाकले.

भिंगरीने बोटं एक घर पुढे टाकली. करंगळी पोचेना. तिने मनगट वळवलं, कोपर बाहेर काढलं, स्टूल मागे ढकललं, आणि पुन्हा सा पासून सुरुवात केली.