कष्टाच्या गाठी

यामिनी टाच दुखते म्हणून गेली होती आणि डॉक्टर तिचे हातच बघत बसल्या. आदिलाबादच्या डॉक्टर भाग्यलक्ष्मींनी तिच्या बोटांच्या सांध्यांवरच्या बारीक, टणक गाठी दाबून पाहिल्या. "या कधीपासून आहेत?" त्यांनी तेलुगू वळणाच्या मराठीत विचारलं. यामिनीला उगीचच अभिमान वाटला. "आमच्या घरच्याच आहेत," ती म्हणाली. "बाबांनाही होत्या."

बाबा म्हणजे बेला गावचे लक्ष्मणराव. संध्याकाळी ते शेतातून आले, की आई कोमट तेलाची वाटी घेऊन बसायची. यामिनी आणि तिचा थोरला भाऊ राजकुमार बाबांचा एकेक हात वाटून घ्यायचे.

"ह्या गाठी काऊन आल्या, सांगा पाहू," बाबा विचारायचे.

"वखर धरून!" दोघं ओरडायचे, आणि सरकारनं मानपत्र दिल्याच्या थाटात बाबा हसायचे. अख्ख्या गावात कोणाच्या हाताला तशा गाठी नव्हत्या. म्हणजे बाबांएवढं कोणी राबतच नव्हतं, असं त्या घरानं ठरवूनच टाकलं होतं. कापूस वेचणीच्या दिवसांत, बेचाळिसाव्या वर्षी, बाबा छाती धरून शेतात कोसळले. राबून राबून गेला, असं लोक म्हणाले. तेही घराला पटलं.

रक्ताचा रिपोर्ट आला. खराब कोलेस्ट्रॉल दोनशे नव्वदच्या वर. "हे खाण्यानं आलेलं नाही, वडिलांकडून आलंय," डॉक्टर म्हणाल्या. "त्या गाठी कोलेस्ट्रॉलच्याच. टाचेतही तेच साठलंय. रोज गोळी घ्यायची, जन्मभर. गोळीनं हृदय वाचतं. आणि भावाला आणा." यामिनी बाहेरच्या बाकावर बसून रडली. गोळीचं तिला काहीच वाटलं नाही. तेलानं चमकणारे बाबांचे ते हात कोणीतरी काढून नेले, असं वाटलं. राजकुमारला यंदा बेचाळिसावं लागलं होतं.

रविवारी ती बेल्याला गेली. राजकुमार अंगणात मोटारसायकलच्या चेनला तेल घालत होता. त्यानं सगळं ऐकलं आणि भडकला.

"बाबाच्या कष्टाले तू बिमारी म्हणून राह्यली? तिकडं खुर्चीवर बसून?"

"खुर्चीवरच बसतो मी, दादा. बँकेत," यामिनीही तापली. तिनं दोन्ही हात त्याच्यापुढे धरले. "जल्मात वखर नाही धरला. मंग ह्या माह्या हातावर कुठून आल्या?"

त्यानं तेलकट बोटांनी तिचा हात धरला आणि लहानपणी बाबांच्या दाबायचा तशा एकेक गाठी दाबल्या.

"बाबाले कोणी सांगतलं नाही," तो शेवटी म्हणाला.

"कोणाले ठाऊकच नोतं. पण कष्ट त त्यायनं केलेच ना, दादा. ते का खोटे होतेत?"

त्यानं मान हलवली. मग घराकडे तोंड करून लेकीला हाक मारली. मयूरी सोळा वर्षांची, अभ्यासाचं पुस्तक हातात घेऊनच बाहेर आली. "हात दाखव," तो म्हणाला आणि तिची दहाही बोटं सांधा सांधा दाबून पाहिली. हात मऊ होते. "कायीच नाही," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा सैल पडला.

यामिनीला त्याच्याकडे बघवेना. डॉक्टरांनी हेही सांगितलं होतं आणि वाटभर ते तिनं मनात दाबून आणलं होतं.

"गाठी मागून येतेत, दादा. रक्तात आदीपासून असू शकते. तपासल्याबिगर कळत नाही."

राजकुमारनं लेकीचा हात सोडला नाही. "उद्याच येतो," तो म्हणाला. "माहं राहू दे. हिचं रक्त आदी घ्याले लाव."

"दोघायचं घ्या लागते," यामिनी रागावून म्हणाली. बाबा असते तर त्यांनीही स्वतःचं असंच मागं ठेवलं असतं, हे तिला ठाऊक होतं. "दोघायचं, दादा," ती पुन्हा म्हणाली, आणि तो हो म्हणेपर्यंत अंगणातून हलली नाही.