नारळाचा पहिला तुकडा

कमलाकर बायकोसाठी शहाळी घेऊन दवाखान्याचा जिना चढत होते. वरून त्यांचा मेहुणा जोतीराम उतरत आला आणि त्यानं पिशवी त्यांच्या हातातून घेतली. तेवढ्यावर त्यांना कळलं, प्रभा गेली.

"बसा, दाजी," जोतीराम म्हणाला.

दोघं तिथंच पायरीवर बसले. माणसं बाजूनं जात-येत राहिली.

आईला ज्या आजारानं नेलं तो आपल्यातही आहे का, हे बघायला मुलीनं, उत्कर्षानं, घरच्या घरी करायची डीएनए चाचणी मागवली. नळीत लाळ भरून पाठवायची. आषाढात ती निकाल घेऊन पुण्याहून सोलापूरला आली.

"बाबा, आजाराचं काही निघालं नाही."

"सुटलो."

"पण हे बघा. माणसाचं मूळ कुठलं तेही यात कळतं. माझं निम्मं तेलुगू लोकांशी जुळतंय."

"आपल्यात कोण आहे तेलुगू?"

"तेच विचारतेय. थोडंफार असतं तर सोडून दिलं असतं. निम्मं म्हणजे आई-बाबांपैकी एक..." ती थांबली. मोबाईल पालथा ठेवून उगाच हसली. "चूकही असेल. तुमच्यासाठी एक किट आणलंय. तुमचं आलं की कळेल."

किट फ्रिजवर पडून राहिलं. ती गेल्यावर कमलाकरांनी भिंतीवरचा तिचा फोटो उतरवला, आरशापुढं नेला आणि आपल्या चेहऱ्याशेजारी धरला. नाक आपलंच आहे असं ते आजवर समजत आले होते. बराच वेळ पाहिल्यावर तेही पटेना.

मग एकेक आठवू लागलं. टॉवेल विकायला अंबादास दारी आला की प्रभा त्याच्याशी तेलुगूत घासाघीस करायची. सोलापुरात कितीतरी जणांना तेवढं येतं. पण वळसंगच्या शेतकऱ्याच्या मुलीला ते कुणी शिकवलं? आणि नारळी पौर्णिमा. दर वर्षी त्या दिवशी ती पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत, मार्कंडेयाच्या रथाला जायची. एकटी. "मी येऊ का?" म्हटलं तर म्हणायची, "तुमचं काय काम गर्दीत?" परत आली की नारळाचा पहिला तुकडा त्यांच्या हातावर ठेवायची आणि ते खाईपर्यंत समोर उभी राहायची. तेव्हा ते हसायचे. आता वाटलं, ती कशाची भरपाई करत होती?

त्या संध्याकाळपासून त्यांनी प्रभाच्या फोटोपुढं दिवा लावला नाही.

नारळी पौर्णिमा तीन दिवसांवर आली तेव्हा एसटी धरून ते वळसंगला गेले. जोतीराम अंगणात फवारणीचा पंप खोलून बसला होता. त्याची बायको वच्छला चहा ठेवून आत गेली.

"जोतीराम, प्रभा नारळी पौर्णिमेला कुणाकडं जायची?"

"रथाला जायची की."

"रथ झाला. माणूस कोण होता?"

जोतीरामचा हात थांबला. "काय इचारताय तुमी, दाजी?"

"उत्कर्षाची तपासणी आलीय. तिचं निम्मं रक्त तेलुगू निघालंय. माझ्या घरात तेलुगू कुणी नाही."

जोतीराम उठून उभा राहिला. "अक्का न्हाय आता. ती ऱ्हायली न्हाय म्हणून असलं इचाराय आलाव व्हय? उठा. पाव्हणं हाय म्हणून हात जोडून सांगतोय."

"सांगून टाका की," आतून वच्छलाचा आवाज आला. "ज्येंनी शपथ घातली त्या बी गेल्या, अक्का बी गेल्या. मेलेल्या बाईवर आळ घेऊन जाऊ देताव व्हय त्यास्नी?"

जोतीराम पुन्हा बसला. पंपाची नळी उगाच पुसत राहिला.

"अक्का आपल्या मनानं जात न्हवती. तुमच्या आईनं तिला लावून दिलतं. आदी त्या सवता जायच्या. गुडघं धरलं तवा सुनंला धाडाय लागल्या. चार तेलुगू शब्द बी त्येंनीच शिकवलं, तितल्या बायांशी बोलाय. माज्या माघारी खंड पाडू नगंस म्हणाल्या."

"आई? तिचा काय संबंध?"

"ज्या घरानं लेकरू दिलं, त्या घरच्या देवाला वरसातनं एकदा नारळ. आन् पयला तुकडा लेकराला."

"कुठलं लेकरू?"

जोतीरामनं त्यांच्याकडं पाहिलं नाही.

"चा घ्या, दाजी. गार हुतोय."

कमलाकरांनी कप उचलला आणि तसाच धरून ठेवला. लहानपणी आईही तुकडा द्यायची. तीही ते खाईपर्यंत समोर उभी राहायची. सगळ्यांच्या आया तशाच असतात असं ते समजले होते.

वच्छलानं गार झालेला कप हातातून घेतला आणि दुसरा दिला.

घरी आल्यावर त्यांनी आधी दिवा लावला. वात नीट बसेना, दोनदा विझली. फोटोतली प्रभा नेहमीसारखी कॅमेऱ्याच्या जरा बाजूला बघत होती. मोबाईलवर उत्कर्षाचा मेसेज येऊन पडला होता : "बाबा, किट पाठवलंत का?"

सकाळी ते बाजारातून नारळ घेऊन आले. पौर्णिमा परवावर होती. रथ कुठं गाठायचा, नारळ कुणाच्या हाती द्यायचा, काय म्हणायचं, हे प्रभाला ठाऊक होतं. तिला ते विचारायचं राहिलं.