बारावं पेर

मी एक जुना डावा हात आहे. मित्रांनो, हसू नका! मी सुताराचा हात आहे, आणि जे घडलं ते आठवलं की अजून माझ्यावर काटा उभा राहतो.

माझ्या चार बोटांची मिळून पेरं बारा. अंगठा तर्जनीच्या बुडापासून निघायचा आणि करंगळीच्या टोकाशी पोचला की सुतार म्हणायचा, "हात भरला, बारा झाले." त्याच्या लेकीलाही मोजायला मीच शिकवलं. गिऱ्हाइकं कौतुक करायची, तेव्हा मला मूठभर मांस चढायचं.

लेक बाळंतपणाला माहेरी आली. सुताराने बाळासाठी कठड्याची खाट करायला घेतली. कठड्याच्या चौकटीला बारा भोकं पाडली आणि दुसऱ्याच दिवशी, बाप रे, करवतीच्या यंत्राने करंगळीचं वरचं पेर उडवलं!

जखम भरल्यावर सुताराने दांडे कापले. माझ्यावर मोजले, हात भरला. बसवायला गेला, तर एक भोक रिकामं! पुन्हा दांडे मोजले, हात भरला. भोकं मोजली, तर हात भरून एक उरलं! सुतार मटकन खाली बसला.

"डोकं गेलं माझं," तो म्हणाला. "बाळाचं डोकं अडकेल एवढी फट राहिली असती! आता हत्यारं विकून टाकतो."

मी हादरलो. हत्यारं गेली तर मी करू काय?

लेक पोट सांभाळत शेजारी बसली. लहानपणीसारखी माझ्या पेरांवर मोजू लागली. "दहा, अकरा..." आणि तिचं बोट हवेत अडकलं.

"अहो बाबा, बारावं पेर आहेच कुठे!"

सुतार माझ्याकडे बघतच राहिला. अहो, रोज मलमपट्टी केली, पण मला मोजलं कुणी नव्हतं! तो रडता रडता हसायला लागला.

"मग आता मोजू कसा?"

"हवेत बोट टेकवायचं आणि बारा म्हणायचं. त्यात काय?"

बारावा दांडा बसला. त्याच कठड्याला धरून नात उभी राहिली आणि पुढे माझ्यावरच मोजायला शिकली. अकरानंतर हवेत बोट, बारा!

काल तिने पहिल्यांदा स्वतःच्या हातावर मोजलं. अकरानंतर बोट हवेत न्यायला गेली, तर ते करंगळीच्या टोकाला लागलं. ती किंचाळत धावली, "आजोबा, माझ्या हाताला एक पेर जास्त आहे!"

मित्रांनो, तुमच्याही हाताला ते जास्तीचं पेर आहे. तेवढं जपा.