पांढऱ्या कोटावरची रेघ

सहाव्या मजल्यावरच्या बाईंनी पस्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली आणि निवृत्त झाल्यावर उरलेलं जग तपासायला घेतलं. दूधवाला, झाडूवाला, जिन्यातला दिवा, कुणाचीच सुटका नव्हती. इस्त्रीवालीच्या वाट्याला तर चिठ्ठ्या येत. इस्त्री होऊन आलेला कपडा बाई खिडकीपाशी नेत, उलटासुलटा करून बघत आणि टाचणीने चिठ्ठी लावून परत पाठवत. लाल शाईत. ‘डावी बाही, कोपराखाली दोन बोटं, चुणी.’ इस्त्रीवाली हूं की चूं न करता पुन्हा इस्त्री फिरवी.

अशा बाईंचा पाय मोडला, तोही लिफ्ट बंद पडली होती त्याच आठवड्यात. प्लॅस्टर घालून दवाखान्यातून आणलेल्या बाई खाली जिन्यापाशी खुर्चीवर बसून राहिल्या. लिफ्टचा कुठलासा भाग यायला बारा दिवस लागणार होते. भाच्याला फोन केला, तर त्याच्याकडे नेमके पाहुणे आलेले. बाईंचा फोन गेला की कुणाकडेही पाहुणे येत. शेवटी जिन्यालगतच्या खोलीतून इस्त्रीवालीच बाहेर आली.

“बाई, इथे किती वेळ बसणार? आमच्याकडे चला. पलंग आहे.”

दुसरा इलाजच नव्हता, म्हणून बाई गेल्या.

खोली एकच. एका भिंतीला पलंग, दुसरीला इस्त्रीचं लांबलचक टेबल, उरलेल्या जागेत स्टोव्ह, गाठोडी आणि इस्त्रीवालीचा नवरा. खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत दिसे. नळ बाहेर, तीन बिऱ्हाडांत मिळून एक. थंडीचे दिवस असूनही इस्त्री चालू असेपर्यंत खोली तापलेली असे, आणि ती बंद झाली की फरशी गार पडे. बाईंनी पहिल्याच दिवशी कपाचा तुटलेला कान, दाराची कुरकुर आणि टेबलाचा आखूड पाय अशा तीन चुका काढल्या.

“टेबल डुगडुगायचं, आता नाही डुगडुगत,” नवरा म्हणाला. “तुमच्या चिठ्ठ्या घडी करून पायाखाली घातल्यात. एकही फुकट गेली नाही बघा.”

बाईंनी नाक मुरडलं. जेवायला मात्र त्यांना सगळ्यांच्या आधी वाढत. हा आपला मान, असं त्या धरून चालल्या होत्या. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, घरात ताटंच दोन आहेत.

डॉक्टरांनी पाय उंच ठेवायला सांगितलं होतं. इस्त्रीवालीने एक ब्लँकेट घडी करून पायाखाली दिलं. बाई म्हणाल्या, “एवढ्याने काय होतंय?” तिने दुसरं दिलं. त्यावर बाई काही बोलल्या नाहीत. चूक नसली की त्या गप्प बसत, आणि आपलं कौतुक लोकांनी एवढ्यावरून ओळखावं अशी त्यांची समजूत होती.

पाचव्या दिवशी सकाळी दवाखान्याचा व्यवस्थापक गाठोडं घेऊन दारात उभा राहिला. अर्धं घर त्या दवाखान्याच्या पांढऱ्या कोटांवर चालत होतं.

“पाठीवरची ही रेघ बघा. मागच्या खेपेलाही हेच. डॉक्टर मला बोलतात. संध्याकाळपर्यंत नीट करून द्या, नाहीतर सोमवारपासून मी दुसरीकडे देतो.”

तो गेला. इस्त्रीवालीचा चेहरा खर्रकन उतरला.

“तुझं लक्ष नसतं,” बाई पलंगावरून म्हणाल्या. “मी काय उगीच चिठ्ठ्या लावत होते? आण इकडे ते कोट.”

त्यांनी चष्मा पुसला, लाल पेन काढलं. पहिल्या कोटावर रेघ पाठीच्या मधोमध, सरळ, आडवी. दुसऱ्यावर तिथेच. तिसऱ्यावरही तिथेच. चौथा उलगडताना बाईंचा हात थांबला. हाताची चूक जागा बदलते, हे त्यांना पस्तीस वर्षांत पाठ झालं होतं. प्रत्येक कागदावर एकाच ठिकाणी डाग आला, तर तो यंत्रातच असतो.

कुबडी टेकत त्या टेबलापाशी गेल्या आणि वरून तळवा फिरवला. पातळ चादर, आणि तिच्याखाली दोन फळ्यांमधली फट सरळ बोटाला लागली.

“इथे खाली काही घालत नाही तुम्ही?”

“घालतो की,” नवरा म्हणाला आणि पलंगाकडे बघत राहिला. बायकोने डोळे वटारले, पण त्याच्या तोंडून निघून गेलं. “दोन ब्लँकेटं. दिवसा टेबलावर, रात्री आमच्या अंगावर.”

चार रात्री ही दोघं गार फरशीवर कशात झोपली, हे बाईंनी विचारलं नाही. विचारायची छाती झाली नाही.

“अगं, मग परत मागायची होतीस!”

“पाय सुजला होता ना तुमचा,” इस्त्रीवाली म्हणाली.

बाईंच्या घरात, सहाव्या मजल्यावर, कपाटात डांबरगोळ्या घालून सात ब्लँकेटं ठेवलेली होती. किल्ली पाच दिवस त्यांच्याच उशीखाली होती. इतकी लाज बाईंना उभ्या जन्मात वाटली नव्हती. त्यांनी किल्ली नवऱ्याच्या हातात दिली. “सगळी आणा.”

“सगळी? मग खोलीत आम्ही राहायचं की ब्लँकेटांनी?” असं म्हणत तो सहा मजले चढला.

दुपारभर इस्त्री चालली. बाई पलंगावर बसून घड्या घालत होत्या, आणि त्यांची एक घडी चुकली तेव्हा इस्त्रीवालीने काही न बोलता ती सुधारली. संध्याकाळी व्यवस्थापक आला. वरच्या कोटाला टाचणीने चिठ्ठी लावलेली होती, लाल शाईत.

‘रेघ इस्त्रीवालीच्या हाताची नाही. टेबलावरची ब्लँकेटं पाच दिवस माझ्या पायाखाली होती. चूक माझी.’

त्याने चिठ्ठी दोनदा वाचली, बाईंच्या प्लॅस्टरकडे पाहिलं, कोट उलटून पाहिले. “सोमवारी सकाळी नेहमीसारखे पाठवतो,” म्हणाला आणि गाठोडं उचलून गेला.

इस्त्रीवालीने टेबलाच्या कडेला धरून मोठा श्वास सोडला. मग तिने नेहमीप्रमाणे ताट घेतलं, वाढलं आणि बाईंपुढे ठेवलं. बाईंनी ते तिच्याकडे सरकवलं.

“आज आधी तुम्ही दोघं.”

“अहो बाई, पण तुम्ही...”

“मी चार रात्री सुखाने झोपले,” बाई म्हणाल्या. आवाज जरा अडखळला, कारण असलं वाक्य बोलायची त्यांना सवय नव्हती. “पाय उंच होता म्हणून. हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं मी. बसा आता, निवतंय.”