डाव्या हाताचा अंगठा

टर्नरने चाकू दुरुस्त केला आणि इतका देखणा केला की दोन दिवस तो स्वतःवरच खूश होता. स्प्रिंग बसवायची तर मुठीच्या दोन्ही लाकडी पट्ट्या काढाव्या लागणारच होत्या. काढल्या, तर एक चिरलेली निघाली, दुसरी काळी पडलेली. मग त्याने आपल्याजवळचं जपून ठेवलेलं शिसवी लाकूड काढलं, नव्या पट्ट्या कापल्या, पितळी रिव्हेट ठोकले आणि मूठ घासून घासून आरशासारखी केली. जुन्या पट्ट्या भुशाबरोबर शेगडीत गेल्या.

चाकू होता घड्याळजीचा, त्याच्या बापाच्या हातचा. डोळ्याच्या ऑपरेशनला जाताना घड्याळजी म्हणाला होता, "स्प्रिंग ढिली झालीय, बघ जरा." बाकी टर्नरनेच हौसेने केलं. मित्र घरी येईल, चाकू हातात घेईल आणि आ वासून बघत राहील, असं त्याच्या मनात होतं.

ही चौघांची जुनी टोळी. लेथवर लोखंड कातणारा टर्नर, घड्याळजी, शिंपी आणि पोस्टमन. दर रविवारी सकाळी शिंप्याच्या दुकानात जमायचे, आपापले घडीचे चाकू कापडाच्या टेबलावर मांडायचे आणि पात्यांवरून भांडायचे. शिंप्याची बायको म्हणायची, "चार म्हातारे, अकरा चाकू आणि कापायला एक सफरचंद."

घड्याळजीचा एक डोळा दोन वर्षांपूर्वीच गेला होता. आता दुसऱ्याचा पडदा सुटला. ऑपरेशन झालं, पण डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, वहिनींना, बाजूला घेऊन सांगितलं की फार आशा धरू नका. आठ दिवस पालथं झोपायचं, मान वर करायची नाही. टर्नर भेटायला गेला तेव्हा वहिनी त्याला दारातच भेटल्या.

"भाऊजी, तेवढा चाकू द्या हो त्यांचा. सारखी गादी चाचपतात. मुठीवर सासऱ्यांच्या अंगठ्याने झिजून खळगा पडलाय म्हणे. म्हणतात, डोळे गेले तर जाऊ देत, तो खळगा मला बोटाने दिसतो."

टर्नरला शेगडीत टाकलेल्या पट्ट्या आठवल्या.

"उद्या आणतो," एवढंच तो कसंबसं बोलला आणि आत न जाताच परतला.

घरी येऊन त्याने शेगडी उपसली. राख जमिनीवर ओतली, चाळली, बोटांनी चिवडली. एक काळवंडलेला रिव्हेट सापडला, लाकडाचं नखाएवढंही काही नाही. तो तसाच राखेत बसून राहिला. मग उठला आणि शिंप्याकडे गेला.

"घड्याळजीच्या चाकूला खळगा होता. कुठल्या बाजूला?"

शिंपी सुई तोंडात धरून विचार करत राहिला. "पातं कसलं होतं रे त्याचं! अजून केस कापेल."

"पातं नको सांगू! मूठ सांग, मूठ!"

"मूठ कोण बघतं?"

पोस्टमनही तेच म्हणाला. वर ऐकवलं, "तू तर चांगला उघडून बसला होतास. तुला नाही दिसला?"

नव्हता दिसला. झीज दिसली होती, आणि झीज म्हणजे काढून टाकायची, एवढंच टर्नर आयुष्यभर लेथवर शिकला होता.

मग त्याने अंदाज बांधला. माणूस चाकू धरतो उजव्या हातात, पात्याची धार खाली. म्हणजे अंगठा टेकतो मुठीच्या डाव्या अंगाला. त्याने गोल कानस घेतली आणि आपल्याच हाताने चढवलेली झिलई ओरबाडली. खळगा कोरला, पॉलिश पेपरने गुळगुळीत केला. तरी तो कानशीनेच कोरलेला वाटत होता. मग स्वतःचा अंगठा त्यावर घासत बसला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत घासला. अंगठ्याला फोड आला, फुटला, तरी घासला. "बस एकदा," तो लाकडाला म्हणत होता, "एकदा बस रे बाबा."

दुपारी तो घड्याळजीच्या उशाशी जाऊन बसला. घड्याळजी पालथा पडला होता, तोंड उशीत, डोळ्यावर पट्टी. वहिनी औषधं आणायला गेल्या होत्या.

"आणलास?"

"आणलाय."

"मला वाटलं, विकून खाल्लास." घड्याळजी उशीतच हसला आणि त्याने हात पलंगावरून खाली सोडून पंजा उघडला.

डावा हात.

तीस वर्षं त्याने या माणसाला घड्याळं उघडताना, सफरचंद कापताना पाहिलं होतं, सगळं उजव्या हाताने. डावा हात रिकामा असला की चाकूच्या खिशात असायचा. खिशात तो काय करत असायचा, हे कधी कुणी विचारलं नव्हतं.

"उजव्यात घे ना," टर्नर घाईने म्हणाला.

"कशाला? बाप डावखुरा होता माझा. दे इकडे."

टर्नरने चाकू दिला. दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. घड्याळजीचा अंगठा सपाट लाकडावर पडला. वर गेला, खाली आला. थांबला. मग त्याने चाकू हातातच उलटा केला, आणि दुसऱ्या बाजूचा खळगा त्याला सापडला. अंगठा त्यात बराच वेळ राहिला.

"हा कोणाचा?"

"माझा."

"आणि माझ्या बापाचा?"

"जाळला," टर्नर म्हणाला. "मला माहीत नव्हतं रे. तुला नवा करून द्यावा म्हणून..."

"तीस वर्षं समोर बसलास."

"पात्याकडे बघत होतो."

घड्याळजीने चाकू सोडून दिला. तो फरशीवर पडून घसरत पलंगाखाली गेला. घड्याळजीची पाठ हलायला लागली. डॉक्टरांनी त्याला रडायचंसुद्धा नाही म्हणून बजावलं होतं.

"नको रे, डोळ्याला त्रास होईल," टर्नर म्हणाला.

"चालता हो."

टर्नर उठला, दारापर्यंत गेला आणि तिथेच उभा राहिला. घर रिकामं होतं. आंधळ्या माणसाला पालथा टाकून जायचं तरी कसं?

बऱ्याच वेळाने उशीतून आवाज आला, "ती आली का?"

"अजून नाही."

"मला संडासला जायचंय."

टर्नर परत आला. त्याने घड्याळजीला काखेत हात घालून उठवलं. मान छातीवर टेकलेली, पाय चाचपडत. घड्याळजीने त्याच्या दंडाला धरलं, तेही शर्टाच्या बाहीला, अंगाला नाही.

"पुढे उंबरा आहे."

"माझं घर आहे हे. मला शिकवू नकोस."

आणि त्याने पाय पाऊलभर आधीच उचलला. तो अडखळला, आणि त्याचा सगळा भार टर्नरच्या अंगावर आला.