कन्हेरीच्या नाटकातलं दूध

“आता जे सांगतो, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसला तर मिशी उतरवीन,” सोमनाथ सर म्हणाले.

बारावी कलाच्या वर्गातून उत्तर आलं ते जांभईचं. दुपारची वेळ, पंखा बंद, निम्मी पोरं रात्रीच्या लायटीवर उसाला पाणी देऊन आलेली. सर तरी कुठं ताजे होते? सकाळी बारामतीहून इंदापूरपर्यंत एस्टीत उभ्यानं आलेले. त्यात सहामाहीला ‘नाटकातील तंत्रांचे विश्लेषण करा’ या प्रश्नाला सगळ्या वर्गानं गाईडातलं एकच उत्तर लिहिलेलं, छपाईच्या चुकांसकट. शिकवून शिकवून घशाचं चिपाड झालं होतं. आज एक तरी डोकं जागं झालं तर ठीक, नाहीतर उद्यापासून आपणही गाईडच उतरवून द्यायचं अन् गुमान निवृत्तीची वाट बघायची, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

“कन्हेरीच्या जत्रेतलं नाटक. खलनायक दत्तोबा, एरवी कारखान्याला ऊस वाहणारा ट्रॅक्टरवाला. त्यानं दुधात विष कालवलं आणि लोकांकडं तोंड करून म्हणाला, ‘हा पेला राजकुमाराच्या पोटात गेला, की राज्य माझं!’ राजकुमार तिथंच दोन हातांच्या अंतरावर उभा, पण त्याला ऐकू नाही. याला म्हणायचं स्वगत. पात्राच्या मनातलं आपल्याला कळतं, शेजारच्या पात्राला नाही.”

“सर, हे कितीला येतं?” अनुपनं बाकावरची मान न उचलता विचारलं.

“पाच मार्काला.”

“मग सांगा.”

सरांनी उसासा टाकला. “राजकुमारानं पेला तोंडाला लावला, तशी पुढं बसलेली सरुबाई ताडकन उठली. ‘आरं मुडद्या, पिऊ नगंस, इख हाय त्यात!’ तिच्यामागं सगळं गाव ओरडायला लागलं. चतुराबाईनं तर पायताण भिरकावलं. ते नेमकं पेल्याला बसलं. दूध सांडलं, स्टेजवरून ओघळलं, ओढ्याला लागलं, ओढ्यातून नदीला, आणि दुसऱ्या दिवशी भिगवणला उजनीच्या पाण्यावर मासे उताणे!”

सर थांबले. एखादं तरी हसेल.

“मरत्यात मासे,” मागच्या बाकावरून कुणीतरी झोपेतच दुजोरा दिला.

सर खुर्चीत बसले. गोष्ट कशीतरी टोकाला न्यायची म्हणून तोंडाला येईल ते बोलत राहिले.

“मग काय, राजकुमारानं दत्तोबाची गचांडी धरली. म्हणाला, ‘पाप्या, मघाशी तू मनातलं बोललास, ते सगळं ऐकलंय मी!’”

“थापा!”

कळसची तेजश्री उठून उभी राहिली होती. जूनपासून हजेरीपलीकडं या पोरीनं वर्गात तोंड उघडलं नव्हतं.

“साफ खोटं हाय सर हे! मासं मेलं, ते चालंल. पर त्यानं कसं ऐकलं? स्वगत व्हतं न्हवं ते? त्याला ऐकू येत असतं, तर एवढं गाव वरडलं कशाला? आपल्याला कळतंय अन् त्याला कळत न्हाय, म्हणून तर बघणाऱ्याचा जीव खालीवर व्हतो!”